अंगुस्तानाचं फूल

आमच्या विहिरीच्या बाजूला, जांभा दगड रचून केलेल्या बुटक्या गडग्याला टेकून एक कुंडी आहे. कुंडी म्हणजे रंगाचा रिकामा डबा, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेला. त्यात एक झाड आहे. मातीलगत पसरलेली लांबट, लव असलेली पानं, बस. येणारा-जाणारा विचारतो, ही कसली भाजी? भाजी नाही, विषारी आहे, असं मी सांगतो. मग तो विचारतो, विषारी आहे तर ठेवलीत कशाला? त्याचं उत्तर लांब आहे.

या झाडाला इंग्रजीत फॉक्सग्लोव्ह म्हणतात. मराठीत त्याला नाव नाही, कारण ते आपल्याकडचं नाही. ते थंड मुलखातलं. माझ्या बायकोने मात्र त्याला नाव दिलं. त्याला फूल आणून दाखवायचं मी तिला कबूल केलं होतं. ते फूल का आलं नाही ते लिहिण्यापूर्वी मी काय केलं ते लिहायला हवं.

मी रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात मशीनवर आहे. बंदरावरच्या होड्यांना लागणारा बर्फ आम्ही बनवतो. मोठ्या हौदात मिठाचं पाणी असतं, अमोनियाने ते शून्याच्या खूप खाली नेलेलं असतं, आणि त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे सोडलेले असतात. डब्यातलं पाणी गोठून लादी होते. हौदाचं पाणी मिठामुळे गोठत नाही. एवढी साधी युक्ती आहे. सव्वीस वर्षं हेच काम करतोय. माझ्या शर्टाला अमोनियाचा वास येतो, तो साबणाने जात नाही. लग्नानंतर पहिलं वर्षभर बायको माझे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालायची.

ती शिवणकाम करायची. ब्लाऊज, परकर, कधी गोधडी. माहेर वेळणेश्वरच्या बाजूचं, मासेमारीचं घर. आम्हाला मूल नाही. अंगण होतं, तेच तिने भरून टाकलं. अबोली, शेवंती, तगर, कर्दळ. कातळावर माती किती असणार, पण ती डोक्यावरून माती आणायची आणि जिथे वीतभर जागा दिसेल तिथे काहीतरी लावायची.

अडीच वर्षांपूर्वी, श्रावणात, विहिरीवरून अर्धी कळशी आणताना ती दोनदा बसली. मी म्हटलं, थकली असशील. पुढच्या आठवड्यात आडवं पडलं की खोकला यायला लागला, तेव्हा तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं विचारलं. आला होता. त्या तापाने काळजाची एक झडप तेव्हाच आवळून टाकली होती आणि ती इतकी वर्षं गुपचूप आवळत गेली होती.

तिला बाहेर औषधांच्या दुकानात पाठवून डॉक्टरांनी मला आत थांबवलं. म्हणाले, "त्यांना घाबरवू नका. पण तीन महिन्यांच्या आत मुंबईला न्या. झडपेचं काम करून घ्या. आज केलंत तर बरं होण्यासारखं आहे. लांबवलंत तर फुप्फुसावर दाब येईल आणि मग कोणी हात लावणार नाही."

हे शब्द मला पाठ आहेत.

बाहेर आलो तर ती दुकानदाराच्या मोबाइलमध्ये डोकं घालून उभी. दुकानदार गप्पिष्ट होता. गोळीची पट्टी तिच्या हातात देता देता त्याने सांगितलं होतं की वहिनी, ही गोळी एका फुलझाडापासून निघाली बरं का, आणि फोटोही दाखवला. कमरेएवढा दांडा, त्याला एका बाजूने वरपासून खालपर्यंत लटकलेली जांभळट गुलाबी फुलं. प्रत्येक फूल आतून ठिपक्याठिपक्यांचं.

"अहो, बघा तरी," ती म्हणाली. "अंगुस्तानासारखं हाय ना? बोटात घालायचं." तिने खरोखरच उजव्या हाताचं मधलं बोट वर करून दाखवलं. तिथे शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायचं ते अंगुस्तान चढवून चढवून एक कडक घट्टा पडला होता.

मग फोटोवरची नजर न काढता तिने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हटलं, "गोळ्या चालू ठेवायच्या. पुढेमागे एक ऑपरेशन करावं लागेल. घाई नाही."

शेवटचे दोन शब्द माझे होते. ते मी का बोललो याची कारणं मी स्वतःला अनेकदा दिली आहेत. नारळी पौर्णिमा झालेली, होड्या समुद्रात गेलेल्या, कारखाना दिवसरात्र चालू, मशीनवर मी आणि एक जोडीदार, दोघेच. ते खरं आहे. पण एवढंच नाही. मला भीती वाटली. तिची छाती उघडणार, आणि ती परत येणार नाही, आणि मी त्या मोठ्या शहरात एकटा उभा असेन, असं मला त्या दुकानाच्या पायरीवर स्पष्ट दिसलं. ही भीती माझी होती. धोका तिचा होता. मी माझी भीती जपली.

गोळी सोमवार ते शुक्रवार घ्यायची होती. शनिवार-रविवार नाही. तिला याची फार गंमत वाटायची. शेजारणीला सांगायची, "माझ्या काळजाला शनिवार-रविवार सुट्टी असते. सरकारी नोकरीला लागलंय. आमच्या ह्यांना मात्र एक दिवस नाय."

गोळीने तिला बरं वाटू लागलं, हीच मोठी फसगत झाली. ती पुन्हा शिवणाच्या मशीनवर बसली. माघात आम्ही जयगडच्या फेरीबोटीने पलीकडे जाऊन हेदवीच्या गणपतीला गेलो. देवळाची चढण ती चढली, मध्ये तीनदा थांबून, पण चढली. वर पोचल्यावर घाम पुसत म्हणाली, "बघा, काय झालंय मला?" मी मान हलवली. तीन महिने उलटून गेले होते. मी ठरवलं, शिमगा झाला की नेऊ. शिमगा झाला. मग ठरवलं, जूनमध्ये मासेमारी बंद होते तेव्हा नेऊ. पण मासेमारी बंद असते तेव्हाच आमचं मशीन खोलतात. वर्षातून तेवढाच वेळ मिळतो. दोन महिने सगळं सुटं करून, धुऊन, घासून पुन्हा बसवायचं. मग आला ऑगस्ट. बर्फाच्या कारखान्यात ज्याला टाळायचं आहे त्याला बारा महिने निमित्त मिळतं.

ती मात्र फूल विसरली नव्हती. "आपल्याकडे होईल काय ओ ते?" असं अधूनमधून विचारायची. आमच्या पलीकडच्या घरातले खलाशी भाऊ मालवाहू जहाजावर असतात, नऊ महिने बाहेर, तीन महिने घरी. त्यांच्याकडे मी पहिल्या श्रावणानंतर लगेच फोनवर शब्द टाकला होता. आम्ही हेदवीला जाऊन आलो त्याच सुमारास ते परत आले ते थेट आमच्या अंगणात, हातात एक कागदी पाकीट.

"वहिनी, तुझं फूल आणलं बघ. जहाज दोन दिवस बंदराला लागलेलं. दुकानातली बाई विचारते, कुठे लावणार? मी म्हटलं रत्नागिरी. तिला वाटलं माझ्या बागेचं नाव असेल."

"किती गरम असतं ते सांगितलंत काय तिला?"

"सांगितलं असतं तर दिलं नसतं."

ती हसली आणि हसताना खोकली. खलाशी भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. जाताना फाटकाशी मला म्हणाले, "भाऊ, ही सुकलीय. डॉक्टर काय बोलतात?" मी त्यांनाही तेच सांगितलं, घाई नाही. एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलायला सोपं जातं.

पाकिटातलं बी खसखशीहून बारीक. पहिल्या वेळी मी ते नाचणीसारखं मातीत मिसळून दाबलं. काही उगवलं नाही. बायको म्हणाली, "एवढ्याशा बियाला एवढी माती? त्याला जीव किती, उचलणार किती?" उरलेलं बी तिने स्वतः ओल्या मातीवर नुसतं भुरभुरवलं, वर फडकं भिजवून टाकलं नि ते रोज थोडा वेळ काढून ठेवलं. पंधरा-सोळा दिवसांनी हिरवी बुरशी आल्यासारखं दिसलं. ती रोपं होती. त्यातली सात जगली. सात डब्यांत सात.

उन्हाळ्यात ती झाडं आम्ही न्हाणीच्या मागच्या सावलीत ठेवली, पावसाळ्यात वर प्लास्टिकचा कागद ताणून. ती कोलमडत होती, पानं पिवळी पडत होती, पण दिवाळीपर्यंत सातपैकी पाच टिकली होती. पानं तळहाताहून मोठी झाली होती.

त्याच दिवाळीनंतर तिचे पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा राहायचा. मी तिला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे नेलं. सव्वा वर्ष झालं होतं. त्यांनी जुना कागद काढला, तारीख पाहिली, नवी तपासणी पाहिली आणि माझ्याकडे न बघता लिहीत राहिले. तिला बाहेर पाठवल्यावर पेन खाली ठेवलं.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

मी टेबलावरच्या जुन्या कागदावरची तारीख वाचत राहिलो.

"आता फुप्फुसावर दाब आलाय. उजवी बाजू थकलीय. मुंबईला दाखवा तर दाखवा, पण ते टेबलावर घेतील असं मला वाटत नाही."

मुंबईला दाखवलं. त्यांनी घेतलं नाही. गोळ्या वाढवल्या, अंगातलं पाणी काढायची गोळी दिली, मीठ बंद केलं. परत येताना मी तिला सांगितलं, "ते म्हणतात ऑपरेशनची गरज नाही. औषधावरच ठेवू." ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, "सुटले बाबा."

घरी आल्यावर मी त्या झाडांच्या मागे लागलो. दुसरं काही उरलं नव्हतं. मोबाइलवर वाचलं की या झाडाला पहिल्या वर्षी नुसती पानं येतात आणि फूल यायला एक कडक थंडी लागते, आठ-दहा आठवड्यांची. ती लागली नाही तर झाड पानातच राहतं. आमच्याकडे कडक थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर घ्यावीशी वाटते, एवढीच. पण थंडी तयार करणं हे तर माझं पोटाचं काम. मला त्या दिवशी, लाज वाटते लिहायला, आनंद झाला. वाटलं, हे मला जमेल. तिला फूल दाखवीन. एक तरी कबूल केलेली गोष्ट पुरी करीन.

मासे भरायचे थर्माकोलचे पाच खोके आणले. एकेका खोक्यात एकेक डबा, भोवती फोडलेला बर्फ. रोज पाळीवरून येताना मोटरसायकलला गोणी बांधून आणायचो. कारखान्यातला जोडीदार हसायचा. "लोक बायकोला थंड हवेच्या ठिकाणी नेतात. हा थंड हवा गोणीत भरून घरी नेतो." त्याला माझ्या घरात काय चाललंय ठाऊक नव्हतं. मीही हसलो.

आता चूक सांगतो. हौदात सोडलेले पत्र्याचे डबे कधी कधी गंजतात, बारीक भोक पडतं. हौदातलं मिठाचं पाणी आत झिरपतं. अशा डब्यातली लादी नीट गोठत नाही, ठिसूळ होते, पांढुरकी दिसते. तिला आम्ही खारी लादी म्हणतो. ती कोणी घेत नाही. बाजूला टाकलेली असते आणि कामगारांनी नेली तर कोणी हटकत नाही. मी ती न्यायचो. चांगली लादी मागितली असती तर मालकाने नाही म्हटलं नसतं, पण विचारावं लागलं असतं, कशाला हवी ते सांगावं लागलं असतं. खारी लादी कोणाला न विचारता उचलता येत होती. सव्वीस वर्षं मी लादी बघून सांगतो की खारी आहे की गोडी. तेव्हाही दिसत होतंच. मी स्वतःशी म्हटलं, बर्फ झाडाच्या डब्याबाहेर आहे, थोडं खारं असलं तर काय होतंय, चालेल.

झाडांच्या डब्यांच्या बुडाला भोकं होती. बर्फ वितळायचा, पाणी खोक्यात साचायचं, माती ते खालून ओढून घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं, थंडीने. मोबाइलवर लिहिलं होतं की थंडीत पानं मरगळतात. मी बर्फ वाढवला. पौष संपता संपता चार झाडं भाजल्यासारखी झाली. पाचव्याचा डबा खोक्यात नीट मावत नव्हता म्हणून मी ते चार दिवसांतच बाहेर काढून विहिरीशी ठेवलं होतं. ते हिरवं होतं.

ती तोवर फारशी बाहेर येत नसे. त्या रविवारी दुपारी आली, भिंतीला धरून. पायरीवर बसली. म्हणाली, "जवळ आणा बघू." मी एक खोकं तिच्या पुढ्यात ठेवलं. तिने जळलेलं पान दोन बोटांत चुरलं. मग खोक्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

मीठ बंद होऊन तिला दोन महिने झाले होते. कण जिभेला लागला तरी कळेल अशी अवस्था.

"खारं हाय ओ हे," ती म्हणाली. "समुद्राचं भरलंत काय?"

"खारी लादी आहे. कारखान्यातली."

"तुमाला ठाऊक होतं?"

"हो."

"नि घातलीत?"

"वाटलं, थोडंसं चालेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. तिला समजत नव्हतं. मासेमारीच्या घरात वाढलेली बाई. भरतीचं पाणी शेतात शिरलं की तिथे पुढची दोन-तीन वर्षं भात होत नाही, हे तिने लहानपणी पाहिलेलं. म्हणाली, "लहान पोराला कळतं. तुमी तर मिठातच काम करता."

मला तेव्हा सगळं बोलावंसं वाटलं. वाटलं असं म्हणणंही खोटं आहे. दुसरं काही बोलता येईना, म्हणून ते बाहेर पडलं. मी पायरीखाली उकिडवा बसलो होतो, खोकं मध्ये होतं. मी तिला सांगितलं की पहिल्या वेळी डॉक्टर घाई नाही म्हणाले नव्हते. ते मी म्हणालो होतो. मुंबईच्यांनीही गरज नाही असं म्हटलेलं नाही. वेळ गेली, असं म्हटलं.

गडग्यापलीकडे खलाशी भाऊंच्या घरी कोणीतरी मसाला कुटत होतं, त्याचा ठोका ऐकू येत होता.

मग तिने विचारलं, "किती महिने म्हणाले होते तेव्हा?"

"तीन."

तिने बोटं मोजली. श्रावण, भाद्रपद, आश्विन, अशी. पुढे मोजत गेली. माघाशी थांबली.

"म्हंजे हेदवीला चढले तेव्हाच उशीर झालेला."

मी म्हटलं, "हो."

"नि तुमी माझ्या बाजूने चढत होता."

एवढंच. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं होतं एकतर ती मला माफ करील नाहीतर शिव्या देईल. दोन्हींपैकी काहीही झालं असतं तर मला पुढे जगायला काहीतरी धरायला मिळालं असतं. ती भिंतीला धरून उठली. मी हात पुढे केला, तो तिने घेतला, कारण पायरी उंच होती. आत गेल्यावर सोडला.

सोमवारी सकाळी मी गोळी आणि पाणी नेलं. तिने गोळी घेतली. सुट्टीवरून काळीज कामाला लागलं, असं ती दर सोमवारी म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही, नंतरही कधी नाही.

चार झाडं मी उपटली. ती माती पुन्हा वापरू नका, असं ती म्हणाली, म्हणून दूर कातळावर नेऊन टाकली. पाऊस पडून गेला तरी तिथे अजून गवत उगवलेलं नाही.

याला आता वर्ष होत आलं. ती आहे. दिवसभर खाटेवर टेकून असते, तीन उशा लागतात. शिवणाचं मशीन झाकून ठेवलं आहे. बोलते माझ्याशी, औषधाचं, पाण्याचं, कोणाकडे काय झालं त्याचं. त्या दुपारचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मला काढायचा हक्क नाही. शेजारचे म्हणतात, किती करतोस रे तिचं. ते ऐकून मान खाली जाते, आणि लोकांना तो विनय वाटतो.

पाचवं झाड तेच, विहिरीशी. या वर्षी मी त्याला बर्फ लावला नाही, गोडाही नाही. तिनेच नको म्हटलं. "राहू दे त्याला. पानं तर हायत." संध्याकाळी ऊन उतरलं की मी तिला खुर्चीसकट अंगणात आणतो. ती तांब्याने त्याला पाणी घालते. अर्धं बाहेर पडतं.

काल पाणी घालता घालता तिने विचारलं, "येईल काय ओ फूल?"

माझ्या तोंडात 'येईल' हा शब्द तयार होता. इतकी वर्षं तो तिथेच असतो. मी म्हटलं, "नाही येणार. थंडी नाही मिळाली त्याला. आता तर त्याचं वयही संपत आलंय. पावसात कुजेल."

तिने मान हलवली. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं, तेही झाडाला घातलं. मग म्हणाली, "आत न्या आता."

मी खुर्ची उचलली. पूर्वी मला तिच्यासकट खुर्ची उचलताना मध्ये थांबावं लागायचं. काल लागलं नाही.